तुमची पात कुठं संपायची?

माझ्या पहिल्याच मोजणीला तात्यांनी मला टळटळीत उन्हात पाऊण तास उभं केलं. का, तर एका म्हातारीची भाकरी खाऊन व्हायची होती.

मी सुप्याकडची, जिरायती रानात वाढलेली. उन्हाचं मला काही नाही. पण नोकरी नवी, मोजणीची मशीन खांद्यावर, दोन्ही बाजूंचे शेतकरी एकमेकांकडं खाऊ का गिळू बघतायत आणि आमचे हे ज्येष्ठ मोजणीदार बाभळीखाली चवड्यांवर बसून म्हातारीच्या ताटलीकडं बघतायत. मला अशी चीड आली होती की विचारू नका. म्हातारीनं शेवटचा घास पाण्याबरोबर उतरवला, तोंड पुसलं, तेव्हा कुठं तात्यांनी तोंड उघडलं.

"आजी, तुमी ह्या रानात खुरपायला यायचा का?"

"यायची की. नवी नवरी व्हते तवापासनं."

"मग तुमची पात कुठं संपायची?"

खुरपणीला बायका ओळीनं बसतात आणि प्रत्येकीनं आपल्यापुढची सरळ पट्टी खुरपत न्यायची असते, ती पात. म्हातारी उठली, काठी टेकत टेकत बांधाकडं गेली, थोडी डावीकडं सरकली आणि काठी रोवून म्हणाली, "हितं. त्या अंगानं त्येंच्या बाया यायच्या. हितं आमची गाठ पडायची. मग वाईच पान खायचो."

तात्यांनी मला खूण केली. मी मशीन लावली. जुन्या नकाशावरची हद्द आणि म्हातारीची काठी यांत वीतभराचाही फरक निघाला नाही. परत येताना एसटीत मी विचारलं, तेव्हा खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "बाप्यांना इचारायचं न्हाय. बाप्यांना सातबारा पाठ असतोय, रान न्हाय. आन् दुसऱ्याच्या रानातलं एक फूटबी कुठली बाई फुकट खुरपत न्हाय. तिची कंबर सांगती तिला, आपली हद्द कुठं संपली ती."

असे हे तात्या. नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं राहिलेली, इंदापूरहून रोज एसटीनं यायचे. बुटके, ताठ, खिशात दोन पेनं, डोक्याला रुमाल. मोजणीसाठी गावात गेलं की सरपंचाच्या घरचा चहा नको, पोहे नकोत, आणि चावडीत तर पाऊल टाकायचं नाही. पाऊस आला तर झाडाखाली भिजत उभे राहतील, पण चावडीच्या पायरीवर यायचे नाहीत. लोकांना वाटायचं, म्हातारा फार मानी आहे. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय.

नकाशावर सही त्याच दिवशी करायची नाही, हाही एक त्यांचा नियम. घरी न्यायचे, रात्रभर उशाशी ठेवायचे आणि सकाळी करायचे. साहेब वैतागायचे. "तात्या, तुमच्यामुळं माझी प्रकरणं तुंबतात." तात्या शांतपणे सांगायचे, "साहेब, तुंबलेलं परकरण निघतंय. चुकलेला बांध न्हाय निघत." साहेबांना हसावं की रागवावं कळायचं नाही. मग ते चहा मागवायचे.

काटेवाडीकडं एकदा दोन चुलतभावांची मोजणी होती. भांडण किती, तर दीड फुटाचं. दोघांनी मिळून वकिलांवर घातले तेवढ्यात तिसरं रान आलं असतं. तात्यांनी दोघांच्या मधोमध उभं राहून विचारलं, "ह्या दीड फुटात काय लावणार?" उत्तराला न थांबता म्हणाले, "मका लावणार का ऊस? का नुसतं वैर?" पुढं दोघांच्या चुलतीला बोलावलं, तिला पातीचं विचारलं, तिनं दोघांनाही शिव्या घालत जागा दाखवली. दोघंही खालमानेनं घरी गेले. गंमत म्हणजे चुलतीनं जागा दाखवली ती दोघांच्याही म्हणण्याच्या बरोबर मध्ये.

माझ्या लग्नात तर या माणसानं कहर केला. अक्षता पडायच्या आधी मांडवाच्या कडेनं पावलं टाकत फिरून आले आणि माझ्या वडलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमचा मांडव शेजाऱ्याच्या हद्दीत सव्वा हात गेलाय." वडील बिचारे घाबरले. शेजारी तिथंच उभा होता, तो म्हणाला, "असू द्या हो, लगीन हाय." तात्या म्हणाले, "मग इचारलं व्हतं का त्यास्नी?" माझ्या सासरचे लोक अजून ती गोष्ट काढून हसतात.

एका गोष्टीवर मात्र तात्यांशी थट्टा चालायची नाही. एकत्रीकरण. सरकारनं मागं गावोगावचे जमिनीचे लहान तुकडे एकत्र करून नवे गट पाडले, त्या योजनेचं नाव निघालं की त्यांचा पारा चढायचा. "चावडीत बसून रानं वाटली भाड्यांनी! पाटलाचं ऐकलं, लिवलं आन् गेलं. आता नातवंडं कोर्टात भांडत्यात." मी समजायचे, हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. तेही तसंच बोलायचे.

आणि मग नीरेच्या अंगाच्या एका गावातलं ते प्रकरण आलं.

गोष्ट साधी होती. दोन सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा आपल्याकडच्या रीतीनं थोरल्यानं वाटे पाडले आणि धाकट्यानं आधी उचलला. धाकट्यानं कालव्याकडचं तीन एकर उचललं, थोरल्याला वरचं माळाकडचं राहिलं. थोरला हसत म्हणाला म्हणे, "माझ्याच हातानं पाडलेला वाटा, आता तक्रार कुणाकडं करू?" दोघांनी आपापलं रान जन्मभर कसलं. एका शब्दानं वाद नाही. पण एकत्रीकरणात नवे गट पडले तेव्हा कागदावर उलट झालं. कालव्याकडचा गट थोरल्याच्या नावावर लागला आणि माळाकडचा धाकट्याच्या. दोघे भाऊ गेले. थोरल्याच्या पोराला कालव्याच्या पाण्याचा आणि रस्त्याचा भाव कळला, त्यानं सातबारा काढला आणि धाकट्याच्या विधवेवर दावा लावला. चुलती, माझं रान सोड.

धाकटीला मूल नव्हतं. ते तीन एकरच तिचं सगळं होतं. त्यातला ऊस, दोन म्हशी, विहिरीवरची मोटर. आणि वर गावात एक बोलणं होतं, ते तिला रानापेक्षाही जास्त लागायचं. तिचा नवरा हयात असताना कागद दुरुस्त करा म्हणून अर्ज करत फिरायचा. पुतण्यानं त्याचाच उलटा अर्थ काढून गावभर केला होता. "आमचा चुलता भावाच्या रानावर डोळा ठेवून अर्ज करत व्हता. कचेरीनंच त्याला खोटं ठरवलं." कचेरीत पहिल्यांदा आली तेव्हा धाकटीनं मला एवढंच सांगितलं, "रान गेलं तर मी कुणाच्याबी बांधावर मजुरी करीन. पण माझा मालक चोर न्हवता, पोरी."

कोर्टानं मोजणीचा हुकूम दिला. आमच्याकडं तात्या आणि मी. मी अभिलेख कक्षातनं त्या गावचं एकत्रीकरणाचं जुनं पत्रक काढलं. धूळ झटकली आणि खाली सही बघितली. तात्यांची, तीच वळणदार सही. मी चार वर्षं रोज बघत होते ती.

पत्रक मी उघडूनच त्यांच्यापुढं ठेवलं. खोटं कशाला सांगू, मनातून मला थोडं बरं वाटत होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिव्या देणारा माणूस सापडला एकदाचा! पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझी मला लाज वाटली. चष्मा काढून त्यांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले.

"नोकरीचं पयलं वरीस," ते म्हणाले. "एकत्रीकरणाच्या मोजणी-पार्टीत व्हतो. चावडीत सतरंजी टाकलेली. पाटील नावं सांगायचा, मी लिवायचो. भावाभावांचं आलं की थोरल्याचं नाव आधी लिवायचो आन् आधीच्या नंबराचा गट त्याला लावायचो. सगळीकडं तसंच असंल म्हटलं. थोरला माणूस आपणहून माळ घील, हे माझ्या टकुऱ्यातच आलं न्हाय."

"रानात नव्हता गेलात?"

"न्हाय. मटण व्हतं त्या दिवशी."

साहेबांनी तात्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. साहेब वाईट माणूस नव्हे. ते कळकळीनं म्हणाले, "तात्या, तुमचे सात महिने राहिलेत. आपण फक्त आजची वहिवाट दाखवायची, कोण कुठं कसतंय एवढंच. पत्रक का चुकलं हे आपल्याला कोणी विचारलेलं नाही. तुम्ही उद्या कोर्टात म्हणालात, माझं चुकलं, तर त्या योजनेतली तुमची जेवढी गावं आहेत तेवढ्या गावांतनं लोक उठतील. चौकशी लागेल. पेन्शन अडकेल."

"व्हय साहेब," तात्या म्हणाले. "चुकलं असंल तर उठू द्या की."

मोजणीच्या दिवशी पुतण्या चार मित्रांना घेऊन आला होता. धाकटी बांधावर एकटीच. आणि पुतण्याची आई, म्हणजे थोरली जाऊ, लांब लिंबाखाली पदर तोंडावर घेऊन बसलेली. तिला मुद्दाम आणलं होतं, दावा तिच्याही नावाचा म्हणून. मी मशीन लावली, कोपरे घेतले. तात्या नेहमीप्रमाणं म्हातारीकडं गेले आणि चवड्यांवर बसले.

"वहिनी, तुमी खुरपायला जायचा का?"

तिनं तोंड उघडायच्या आत पुतण्या धावत आला. "तिला काय इचारता? कागद बघा की! सरकारी कागद हाय."

"कागद मी बघितलाय," तात्या म्हणाले. "कागद मीच लिवलाय. त्यावर सही माझी हाय." मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चावडीत बसून लिवला. रान बघितलं न्हाय. ह्या दोन भावांची नावं मी उलटी लावली. चूक माझी हाय. ह्या बाईची न्हाय, तिच्या मालकाची न्हाय, तुज्या बापाचीबी न्हाय."

सरकारी माणूस चुकलो म्हणतो, हे आमच्या भागात कुणी ऐकलेलंच नव्हतं. पुतण्याचा एक मित्र तर हसलाच, त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

तात्या परत खाली बसले. "वहिनी, मी माझं सांगितलं. आता तुमी तुमचं सांगा. तुमची पात कुठं असायची?"

थोरलीनं पदर बाजूला केला. पोराकडं बघितलं, मग बांधावरच्या जावेकडं. मला वाटलं, ही काही बोलणार नाही. आईनं पोराच्या विरुद्ध कसं बोलावं? मी असते तर बोलले असते का, देव जाणे.

"मी कालव्याच्या रानात कवाच खुरपलं न्हाय," ती म्हणाली. "तितं धाकटीची पात. माझी वर, माळाला." आणि एकदम पोरावर ओरडली, "तुजा बाप मेला तवा काय म्हणला व्हता? धाकट्याला पाणी दिलंय, त्याच्या पाण्याकडं बघायचं न्हाय. तूच व्हतास ना रं उशाशी? मग? इसरलास?"

पुतण्यानं मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला. मित्र पायी गेले. थोरली उठून जावेपाशी गेली आणि दोघी बांधावर बसून राहिल्या. मी उरलेले कोपरे घेतले तेव्हा दोघींना उठा म्हणायचं माझ्या जिवावर आलं, मी मशीन थोडी लांबनं लावली.

कोर्टात तात्यांना पुतण्याच्या वकिलानं चांगलंच सोललं. "तेव्हा तुम्ही सही केली ती खोटी?" खोटी न्हाय, चुकीची. "मग आज करताय ती कशावरून बरोबर?" आज रान बघितलंय. "म्हणजे नोकरीभर तुम्ही केलेल्या मोजण्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?" तात्या म्हणाले, "पयल्या वर्साच्या तपासून घ्याव्यात, सायेब." मागं बाकावर बसलेल्या दोन माणसांनी तिथल्या तिथं एकमेकांच्या कानात काहीतरी सांगितलं.

निकालापर्यंत गोष्ट गेलीच नाही. आईनं पोराच्या हातचं पाणी घेणं सोडलं होतं, त्यापुढं त्याचं काही चालेना. तडजोड झाली. कालव्याकडचा गट धाकटीच्या नावावर, माळाकडचा पुतण्याच्या, असा अदलाबदलीचा दस्त झाला. थोरलीनं अंगठा दिला, धाकटीनं अंगठा दिला, पुतण्यानं तोंड पाडून सही केली. धाकटीचं रान वाचलं.

तात्या मात्र नाही वाचले. साहेब म्हणाले होते तसंच झालं. आठवड्याभरात हरकतींचे अर्ज यायला लागले. त्यांत खरे थोडे, बाकी हौसेचे. ज्यांच्या हद्दी गेल्या पिढीत मिटल्या होत्या तेही उठून आले. चौकशी लागली. कचेरीतली माणसं तात्यांच्या शेजारी बसून डबा खायची बंद झाली. मीही एकदोनदा काम आहे म्हणून टाळलं, ते मला आज आठवलं तरी नकोसं होतं. त्यांनी मात्र त्या पहिल्या वर्षाच्या गावांची यादी काढली आणि सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पायानं, एकेका गावात जाऊन म्हाताऱ्या बायकांना पाती विचारत फिरायला लागले. अधिकार काही नव्हता. मी म्हटलं, "तात्या, आता कशाला?" तर म्हणाले, "म्होरं सुधारलो ग मी. चावडी सोडली, चहा सोडला. मागं वळून मातुर बघितलं न्हाय. भ्या वाटायचं."

नोकरीचा शेवटचा आठवडा होता तेव्हा धाकटी कचेरीत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. ती सरळ तात्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"माझं रान तुमच्यामुळं माझ्या नावावर झालं," ती म्हणाली. "तुमचं उपकार हायत. चूक व्हती, माणसाचीच व्हती. ती मी कवाच सोडली. पण ह्ये बगा."

तो तिच्या नवऱ्याचा अर्ज होता, त्यानं जपून ठेवलेली प्रत. नावं उलटी लागली आहेत, दुरुस्त करावीत. आणि खाली कचेरीचा शेरा. अर्जात तथ्य नाही, निकाली. त्याखालीही तीच वळणदार सही.

"तीनदा आला व्हता माझा मालक ह्या कचेरीत," धाकटी म्हणाली. "तुमच्यासमोर उभा ऱ्हायला. तुमी मान वर करून त्याच्याकडं बघितलं न्हाय. तुमी म्हणाला, भावाला जबाबाला आणा. त्यो म्हणायचा, दादाला कचेरीत कसा उभा करू? आन् ह्या कागदावरनं लोक त्याला खोटा म्हणाले. मरंपतूर म्हणाले."

तात्यांनी शेऱ्याखालच्या सहीवर बोट ठेवलं. म्हणाले, "व्हय बाई. बघितलं न्हाय."

"मग आता खरं हाय तसं लिवून द्या."

आता हे कसं व्हायचं? निकाली निघालेल्या कागदावर पुन्हा लिहायला कुठल्याच नियमात जागा नाही. त्यात चौकशी चालू असलेल्या माणसानं जुन्या फाइलीला हात लावणं म्हणजे आगीत तेल. मी डोळ्यांनी खुणावत होते, नको. तात्या उठले, स्वतः अभिलेख कक्षात गेले आणि ती मूळ फाइल घेऊन आले. जुन्या शेऱ्याखाली जागा होती. सगळी कचेरी बघत असताना त्यांनी लिहिलं, सही केली, तारीख घातली. या एका ओळीबद्दल पुढं त्यांना वेगळी नोटीस आली, पेन्शन दोन वर्षं रखडली आणि निरोपाचा समारंभही झाला नाही. ते त्यांना लिहिताना ठाऊक होतं, माझी खात्री आहे.

धाकटीला वाचता येत नव्हतं. मी फाइल पुढं ओढली. मी वाचणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तू नगं. ज्येनी लिवलं त्यास्नी वाचू दे."

तात्यांनी फाइल हातात घेतली. तिच्या नवऱ्याचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं वाचलं. मग वाचलं, "यांचे म्हणणे खरे होते. मी रान न बघता अर्ज निकाली काढला. चूक माझी." त्यांचा आवाज शेवटी इतका बारीक झाला की मलाच नीट ऐकू आला नाही.

धाकटी जागची हलली नाही. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, दोन्ही हात जोडले.

"अजून एकडाव वाचा," ती म्हणाली. "आन् जरा मोठ्यांदा. आमच्या मालकास्नी कमी ऐकू यायचं."

तात्या खुर्चीतनं उठून उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.